रेषांची नाती: भूमिती पहिल्यापासून शिकणाऱ्यांसाठी, दोरी आणि खुंट्या घेऊन

नववीत माझी शाळा सुटली. सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून दहावीला बसले तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आमचं गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. अभ्यासाला वेळ मिळायचा तो रात्री भांडी आवरल्यावर. बीजगणित हळूहळू जमलं, कारण मजुरीचे, औषधांचे हिशेब घरात मीच ठेवायचे. भूमितीत मात्र समांतर रेषांच्या धड्यावरच अडकले. संगत, व्युत्क्रम, आंतर, विरुद्ध, पूरक, कोटी असे सगळे शब्द एकसारखे वाटायचे. आकृतीत दोन कोन सारखे दिसले की मी ते समान लिहून टाकायची आणि उत्तर चुकायचं.

वाट सापडली ती शेतात. त्या फेब्रुवारीत डॉगरिजची, म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम करतात त्या जातीची, रोपं लावायची म्हणून नव्या बागेची आखणी चालली होती. माझे सासरे, आमचे अण्णा, दोरी आणि खुंट्या घेऊन काटकोन काढत होते. मला एक ओळ सरळ वाटली म्हणून मी खुंटी ठोकायला गेले, तर म्हणाले, "डोळ्यावर इसवास ठेवू नगंस. टेप लाव." त्या एका वाक्यानं माझी भूमिती सुटली. दोन रेषांचं नातं काय आहे हे दिसण्यावरून ठरवायचं नसतं. एक तर ते दिलेलं असतं, नाही तर मोजून किंवा कारण देऊन दाखवावं लागतं. खालच्या प्रत्येक पायरीत हीच गोष्ट पुन्हा येईल, कारण चुका तिथंच होतात.

सतरा नंबरवाल्या बायाबापड्या, आठवी-नववीच्या मुलांचा अभ्यास घेणारे आईवडील आणि शेताची किंवा शेडची आखणी स्वतः करायची असलेले शेतकरी, या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

1. आधी सामान जमवा

कागदावरच्या कामासाठी:
- सहा इंची पट्टी, कोनमापक, कंपास, कर्कटक
- दोन गुण्ये: एक 30-60-90 अंशांचा, दुसरा 45-45-90 चा
- टोक केलेली पेन्सिल आणि रेघा नसलेली वही

अंगणातल्या किंवा रानातल्या कामासाठी:
- सहा-सात लाकडी खुंट्या आणि हातोडा
- सुतळी
- दोन लांब फायबर टेप (एकानं भागत नाही, का ते पाचव्या पायरीत सांगते)
- चुन्याची फक्की
- टेपचं दुसरं टोक धरायला एक माणूस

कंपासपेटी घेताना कंपासचा स्क्रू घट्ट आहे ना, तेवढं बघा. सैल कंपासनं वर्तुळ काढताना माप हळूच वाढतं आणि आपल्याला कळतही नाही. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर रेघ एक मिलिमीटर जाड येते. मग कोन मोजताना रेघेच्या या कडेनं मोजायचा की त्या कडेनं, हा घोळ होतो. जुना टेप वापरत असाल तर शून्य कुठं आहे ते आधी पाहा. पुष्कळदा टेपचं टोक तुटलेलं असतं आणि माप दोन इंचांपासून सुरू होतं.

सतरा नंबरचा फॉर्म भरणाऱ्यांनी शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड आणि पासपोर्ट फोटो आधीच काढून ठेवावेत. आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूरचं विभागीय मंडळ कोल्हापूरला आहे. दहावीचा भूमितीचा पेपर वेगळा असतो, 40 गुणांचा आणि दोन तासांचा.

2. रेषा, किरण, रेषाखंड: फरक नीट धरा

सुतळी दोन खुंट्यांना ताणून बांधली की तो रेषाखंड. त्याला दोन टोकं असतात, लांबी मोजता येते. बॅटरीचा झोत एका टोकापासून निघतो आणि पुढं जात राहतो, तो किरण. रेषेला टोकच नसतं, ती दोन्हीकडं अमर्याद जाते. म्हणून कागदावर तिच्या दोन्ही टोकांना बाण काढतात.

मुलं इथं एक ठरलेली चूक करतात. वहीत दोन तिरपे रेषाखंड काढलेले असतात, ते एकमेकांना टेकत नाहीत. "हे समांतर आहेत का?" असं विचारलं की मूल म्हणतं, "हो, मिळत नाहीत ना!" पट्टी लावून दोन्ही पुढं वाढवा. वहीच्या कडेला किंवा वहीच्या बाहेर ते मिळतील. नातं तपासायचं ते त्या रेषाखंडांना सामावणाऱ्या पूर्ण रेषांचं.

3. दोन रेषांत नाती किती?

एका प्रतलात, म्हणजे एकाच सपाट कागदावर किंवा जमिनीवर, दोन वेगवेगळ्या रेषा असतील तर दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर त्या नेमक्या एका बिंदूत छेदतील, नाही तर कुठंच छेदणार नाहीत. कुठंच न छेदणाऱ्या त्या समांतर. दोन बिंदूंत छेदतील का? नाही. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते, म्हणून दोन बिंदू सामाईक निघाले तर ती एकच रेषा आपण दोन नावांनी म्हणत होतो.

"एका प्रतलात" हे शब्द सोडू नका. रेल्वेमार्गावरून रस्त्याचा पूल जातो. खालचे रूळ आणि वरचा रस्ता कुठंच मिळत नाहीत, तरी ते समांतर नाहीत, कारण दोन्ही मिळून एका सपाट पृष्ठभागात बसतच नाहीत. समांतरची व्याख्या लिहिताना हे दोन शब्द राहिले तर व्याख्या अपुरी राहते.

इथं एक छोटा खेळ करा. खराट्याच्या काड्या घ्या आणि फरशीवर ठेवून बघा. तीन काड्यांचे छेदनबिंदू जास्तीत जास्त किती येतात? तीन. कमीत कमी शून्य, तिन्ही समांतर ठेवल्या तर. दोन समांतर आणि तिसरी आडवी टाकली तर दोन. तिन्ही एकाच बिंदूतून नेल्या तर एक. त्यांना एकसंपाती रेषा म्हणतात आणि त्या बिंदूला संपातबिंदू. काड्या आखूड असतात, म्हणून छेद फरशीवर न दिसता पुढं कुठंतरी पडत असेल तर तोही मोजायचा. चार काड्यांना जास्तीत जास्त सहा छेदनबिंदू येतात. माझ्या मुलीनं हे काड्यांनीच शोधलं आणि मग स्वतःहून सांगितलं, "आई, प्रत्येक नवी काडी आधीच्या सगळ्यांना एकेकदा छेदते." यापेक्षा चांगलं कारण मी देऊ शकले नसते.

4. छेदल्या की चार कोन, आणि एकावरून चारही

घरातली कात्री उघडून टेबलावर ठेवा. एका बाजूला पाती उघडतात तेवढीच दुसऱ्या बाजूला दांडे उघडतात. हेच विरुद्ध कोन, आणि ते समान असतात.

कारण असं. एक कोन 65 अंशांचा धरा. त्याच्या शेजारचा कोन त्याच्याबरोबर मिळून सरळ रेषा करतो, म्हणजे 180 अंश. म्हणून शेजारचा 115. त्याच्या शेजारचा पुन्हा 180 वजा 115, म्हणजे 65. शेवटचा 115. एक कोन मोजला की बाकीचे तीन न मोजता मिळतात. शेजारच्या दोघांना रेषीय जोडीतील कोन म्हणतात.

शब्दांचा घोटाळा इथंच होतो. ज्यांची बेरीज 180 अंश ते पूरक कोन, आणि ज्यांची बेरीज 90 अंश ते कोटिकोन. मी वर्षभर हे उलटं लिहीत होते. शेवटी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आणि रोज डोळ्यांखालून घातलं. यावर दुसरा उपाय मला सापडला नाही.

5. लंब: दोरीनं काटकोन काढायला शिका

छेदणाऱ्या रेषांच्या चार कोनांपैकी एक 90 अंशांचा निघाला की चारही 90 अंशांचे होतात, आणि त्या रेषा परस्परांना लंब म्हणतात. कागदावर गुण्या लावला की काम झालं. जमिनीवर मात्र हा हातभर गुण्या पुरत नाही. एक अंशाची चूक 100 फुटांवर साधारण पावणेदोन फुटांची होते, 300 फुटांवर सव्वापाच फुटांची. द्राक्षाची ओळ सहज 300 फूट असते. सुरुवातीला डोळ्याला न दिसलेला एक अंश शेवटी दोन ओळींमधल्या नऊ फुटांच्या अर्ध्याहून जास्त सरकलेला असतो.

म्हणून तीन-चार-पाच. अण्णांना हे एका म्हाताऱ्या गवंड्यानं शिकवलं होतं, आणि त्या गवंड्याला त्याच्या वडिलांनी. ज्या त्रिकोणाच्या बाजू 3, 4 आणि 5 या प्रमाणात आहेत, त्याच्या 3 आणि 4 च्या मधला कोन काटकोन असतो, कारण 9 आणि 16 यांची बेरीज 25. आपल्याकडं ही विद्या फार जुनी आहे. यज्ञवेदीची आखणी सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत बौधायनानं आयताच्या कर्णाचा नियम दिला आहे, आणि शुल्ब या शब्दाचा अर्थच मुळी दोरी.

जमिनीवर असं करा:

पहिल्यांदा पायारेषा, म्हणजे जिच्यावरून बाकीची मापं घ्यायची ती रेषा, पक्की करा. दोन टोकांना खुंट्या ठोका, सुतळी ताणा, मधे कुठं ढेकळाला किंवा गवताला टेकत नाही ना ते पाहा. जिथं काटकोन हवा तिथं खुंटी अ ठोका. सुतळीवर अ पासून 40 फुटांवर खुंटी ब. एका टेपचं शून्य अ ला लावा, दुसऱ्या टेपचं ब ला. पहिल्या टेपवरचे 30 फूट आणि दुसऱ्या टेपवरचे 50 फूट जिथं एकत्र येतील तिथं खुंटी क. अ पासून क कडं जाणारी रेषा पायारेषेला लंब. दोन टेप लागतात ते यासाठी. एकाच टेपनं आधी 30 मोजून खूण केली आणि मग 50 मोजायला गेलो की पहिलं माप हललेलं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रमाण 3-4-5 असलं तरी माप जेवढं मोठं घ्याल तेवढं चांगलं. तीन, चार, पाच फुटांचा त्रिकोण केलात आणि पाचाचं माप अर्धा इंच चुकलं, तर कोन जवळजवळ एक अंशानं फिरतो. तीस, चाळीस, पन्नास फुटांचा केलात तर तोच अर्धा इंच कोनाला एक अंशाच्या फक्त दहाव्या भागाएवढा फिरवतो. खोलीच्या पायाला 6-8-10 चालतं, बागेला 30-40-50 च घ्या.

आणखी तीन ठिकाणी माणसं फसतात:
- मोजायला नायलॉनची दोरी घेतात. ती ताण दिल्यावर वाढते. दोरी रेषा दाखवायला वापरा, माप टेपनंच घ्या.
- उतारावर टेप जमिनीला चिकटवून मोजतात. टेप आडवा, पातळीत धरायचा आणि उताराच्या बाजूला ओळंबा सोडून खूण करायची.
- 5 चं माप चुकीच्या बाजूला लावतात. 5 नेहमी काटकोनासमोर, म्हणजे तिरपं.

लंबाचा एक उपयोग पुस्तकात चटकन निघून जातो, पण घरात पैसे वाचवतो. बिंदूपासून रेषेपर्यंतचं सगळ्यात कमी अंतर लंबावर असतं. विहिरीपासून सरळ बांधापर्यंत पाइप न्यायचा असेल तर बांधाला काटकोनात न्या. तिरपा कसाही नेला तरी पाइप जास्तच लागणार. आणि भूमितीत "बिंदूचं रेषेपासूनचं अंतर" असं म्हटलं की हेच लंब अंतर समजायचं.

6. समांतर: अंतर मोजायचं ते लंबावर

मिरज स्टेशनच्या फलाटावर उभं राहून रुळांकडं पाहिलं तर दूरवर दोन्ही रूळ एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात. ते टेकत नाहीत. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर सगळीकडं 1676 मिलिमीटर ठेवलेलं असतं. समांतर रेषांमधलं लंब अंतर सगळीकडं सारखं असतं, डोळ्याला काहीही दिसो.

"लंब" हा शब्द गाळला की काय होतं ते आम्ही सोसलं आहे. आमच्या जुन्या प्लॉटला एका बाजूला बांध आहे, तो ओळींना काटकोनात नाही, साधारण 60 अंशांत तिरका आहे. ज्यांनी आखणी करून दिली त्यांनी बांधावर टेप पसरला, दर नऊ फुटांवर खुंटी ठोकली आणि तिथून ओळी काढल्या. ओळी समांतर आल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन ओळींमधलं खरं अंतर नऊ फूट राहिलं नाही. ते झालं 7 फूट साडेनऊ इंच. ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर लावून आत शिरलं की फांद्यांना घासायचं, घड गळायचे. अँगल रोवून तारा ओढल्यावर ओळी हलवता येत नाहीत, वर्षानुवर्षं तसंच चालवावं लागतं. 60 अंशांच्या बांधावर मोजूनच नऊ फुटांची ओळ हवी होती, तर खुंट्या दर 10 फूट पावणेपाच इंचांवर हव्या होत्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे बांध विसरायचा आणि काटकोनातली स्वतंत्र पायारेषा काढायची.

नव्या बागेत आम्ही तसंच केलं. तत्त्व एका ओळीचं आहे: एकाच प्रतलातल्या दोन रेषा तिसऱ्या एकाच रेषेला लंब असतील तर त्या परस्परांना समांतर असतात. पायारेषेवर खुणा केल्या, दोन्ही टोकांच्या खुणांवर 30-40-50 नं लंब काढले, प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला समोरची रेषा आखली आणि तिच्यावर त्याच मापाच्या खुणा केल्या. मग समोरासमोरच्या खुणा सुतळीनं जोडत गेलो.

खुणा करताना एक काळजी घ्या. नऊ फूट मोजलं, टेप उचलला, पुन्हा नऊ फूट मोजलं, असं करू नका. दर वेळी पाव इंच चुकला तर चाळीस ओळींत दहा इंच चुकतात. टेप एकदा पसरून 9, 18, 27, 36 अशा खुणा एका दमात करा.

कागदावर समांतर रेषा काढायची तर गुण्याची एक कड दिलेल्या रेषेला लावा, दुसऱ्या कडेला पट्टी टेकवा, पट्टी घट्ट दाबून धरा आणि गुण्या पट्टीवरून हव्या त्या बिंदूपर्यंत सरकवा. सरकताना पट्टी हलली की सगळं गेलं, म्हणून डावा हात पट्टीवरून उचलायचा नाही. रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला अशी समांतर रेषा एकच निघते, हे लक्षात ठेवा. आठव्या पायरीत त्याचा संबंध येणार आहे.

7. छेदिका: आठ कोनांना घाबरू नका

दोन रेषांना दोन वेगळ्या बिंदूंत छेदणारी तिसरी रेषा म्हणजे छेदिका. प्रत्येक छेदावर चार, असे आठ कोन होतात आणि त्यांच्या नावांनी डोकं फिरतं. मी हे असं शिकले.

बागेतून तिरपी जाणारी सरळ पायवाट डोळ्यांसमोर आणा. ओळी समांतर, पायवाट ही छेदिका. तुम्ही पायवाटेनं चालला आहात. पहिल्या ओळीशी आलात आणि उजवीकडं त्या ओळीत शिरायला तुम्हाला 50 अंश वळावं लागलं. परत पायवाटेवर आलात, पुढं चाललात, दुसरी ओळ आली. तिच्यात उजवीकडं शिरायला किती वळावं लागेल? तेवढंच, 50 अंश. हे संगत कोन: दोन्ही छेदांवर एकाच जागेचे. समांतर रेषांच्या संगत कोनांच्या जोड्या समान असतात, अशा चार जोड्या मिळतात.

आता दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात या. मधे एकूण चार कोन आहेत. पायवाटेच्या एकाच बाजूचे मधले दोन कोन म्हणजे आंतरकोनांची जोडी, त्यांची बेरीज 180 अंश. पायवाटेच्या दोन विरुद्ध बाजूंचे, शेजारी नसलेले, मधले दोन कोन म्हणजे आंतरव्युत्क्रम कोन, ते समान. बाहेरच्या पट्ट्यात याच पद्धतीनं बाह्यव्युत्क्रम कोन, तेही समान.

पाठांतराऐवजी प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारा. दोन्ही कोन छेदिकेच्या एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना? आणि दोन्ही मधल्या पट्ट्यात आहेत, बाहेर आहेत, की एक आत एक बाहेर? एकच बाजू, दोन्ही आत: आंतरकोन. विरुद्ध बाजू, दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर, वेगवेगळ्या छेदांवर: व्युत्क्रम. एकच बाजू, एक आत एक बाहेर, वेगवेगळ्या छेदांवर: संगत. मी आकृतीतला मधला पट्टा पेन्सिलीनं हलका रंगवायची. परीक्षेतही तसंच केलं, त्यानं दोन मिनिटं जातात पण चूक होत नाही.

लक्षात ठेवा, ही नावं रेषा समांतर नसल्या तरी लागू असतात. कोणत्याही दोन रेषांना छेदिका असली की संगत कोन असतातच. ते समान असतात ते फक्त रेषा समांतर असल्यावर.

8. प्रमेय आणि कसोटी यांची सरमिसळ करू नका

माझे सगळ्यात जास्त गुण इथं गेले. रेषा समांतर आहेत असं दिलं असेल तर तुम्ही म्हणू शकता, "म्हणून संगत कोन समान." ते प्रमेय, म्हणजेच गुणधर्म. उलट, संगत कोन समान आहेत असं दिलं असेल किंवा तुम्ही काढलं असेल तर म्हणू शकता, "म्हणून रेषा समांतर." ती कसोटी. दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण कारण लिहिताना "संगत कोन" एवढंच लिहून चालत नाही. "संगत कोनांचा गुणधर्म" की "संगत कोन कसोटी" हे स्पष्ट लिहा. "समांतर आहेत हे दाखवा" असा प्रश्न असताना पहिल्याच ओळीत "रेषा समांतर असल्यामुळे" असं लिहिलं, तर जे दाखवायचं तेच तुम्ही धरून चाललात.

शेतात आम्ही कसोटीच वापरतो. ओळी समांतर आल्या का बघायला पायवाटेसारखी एक तिरपी सुतळी ताणायची आणि दोन-तीन ओळींशी तिचा कोन मोजायचा. कोन सारखे आले तर ओळी समांतर.

आंतरकोनांची बेरीज 180 पेक्षा कमी आली तर? त्या बाजूला रेषा पुढं मिळतात. ग्रीक गणिती युक्लिडनं इसवी सन पूर्व 300 च्या सुमारास 13 भागांत भूमिती रचली, त्यात हे पाचवं गृहीतक म्हणून ठेवलं. बाकीच्या गृहीतकांवरून ते सिद्ध करायला माणसं दोन हजार वर्षं झटली. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोयाई या गणितींनी ते न मानता वेगळी भूमिती उभी केली, आणि पुढं ती सुसंगत असल्याचं सिद्ध झालं, म्हणजे ते बाकीच्यांतून निघतच नाही. एका बिंदूतून एकच समांतर रेषा निघते हे मागं सांगितलं, ते याच गृहीतकाचं दुसरं रूप. धडा अवघड वाटतो म्हणून रडकुंडीला आलेल्या माझ्यासारखीला ही गोष्ट कळली तेव्हा फार धीर आला.

9. एक गणित, दोन उत्तरं

दोन समांतर रेषा, एक छेदिका. एक कोन (3क्ष + 10) अंश, दुसरा (2क्ष + 20) अंश. क्ष किती?

दोन्ही आंतरकोन असतील तर बेरीज 180: 5क्ष + 30 = 180, क्ष = 30, कोन 100 आणि 80 अंश. ते संगत असतील तर समान: 3क्ष + 10 = 2क्ष + 20, क्ष = 10, दोन्ही कोन 40 अंश. दोन्ही उत्तरं नीट, पूर्णांकात येतात. उत्तर सुटसुटीत आलं म्हणजे बरोबर, असं समजू नका. आधी नातं ओळखा, त्याचं नाव वहीत लिहा, मगच समीकरण मांडा. आकृती मापात काढलेली नसते, त्यामुळं 80 चा कोन 100 सारखा दिसू शकतो.

10. शेवटी अंगणात एक आयत आखून बघा

सगळी नाती एकाच कामात येतात ते इथं: समोरासमोरच्या बाजू समांतर, शेजारच्या लंब. कोंबड्यांच्या खुराड्याचा पाया समजा, 6 बाय 8 फूट. पायारेषेवर 8 फूट घ्या. 6-8-10 नं एका टोकाला लंब काढा, त्यावर 6 फूट. चौथी खुंटी दोन टेपांनी ठरवा: तिसऱ्या खुंटीपासून 8 फूट, पायारेषेच्या मोकळ्या टोकापासून 6 फूट.

मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 10 फूट हवेत. फक्त कर्ण समान आले म्हणून थांबू नका. समांतर बाजू लहानमोठ्या असलेल्या, दोन्हीकडून सारख्या निमुळत्या चौकोनाचेही कर्ण समान असतात. समोरासमोरच्या बाजू समान आणि त्याबरोबर कर्णही समान, असं दोन्ही जुळलं की आयत पक्का. एक कर्ण मोठा आला तर त्याच्या टोकांच्या खुंट्या आत सरकवाव्या लागतात. एका वेळी एकच खुंटी हलवा, अर्ध्या इंचानं, आणि प्रत्येक वेळी चारही बाजू पुन्हा मोजा. आमचं पहिलं खुराडं जुळायला पाऊण तास लागला. मुलीनं टेप धरला होता, अण्णा बाजेवरून आकडे विचारत होते. दोन्ही कर्ण 10 फुटांवर आले तेव्हा ते उठून आले, स्वतः एकदा मोजलं आणि म्हणाले, "आता टाक फक्की."